गावात फर्स्ट एडची पेटी ठेवाची म्हणतो, काय काय टाकावं?

धुऱ्यावरचा
राम राम मंडळी. गणपतीच्या वर्गणीतले साडेचार हजार उरले. मंडळातले अर्धे पोट्टे म्हणते पुढच्या वर्षी डीजेत टाकू, अर्धे म्हणते गावासाठी फर्स्ट एडची पेटी करू. मी पेटीच्या पार्टीत. गाव झरी-जामणीकडे, सरकारी दवाखाना वीस-बावीस किलोमीटर, मधात नाला, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की इकडचा माणूस इकडेच. नेटवरच्या लिस्टा पाह्यल्या त्यात आइस पॅक, चिमटा, सेफ्टी पिना असं लिहून असते. आइस पॅक ठेवाचा कुठं, गावात चालू फ्रिज एक किराणावाल्याकडे अन त्यात कोल्ड्रिंग. ज्यांनी असं काही केलं हाये त्यांनी सांगा. काय टाकावं, कुठं ठेवावं अन चावी कोणाजवळ द्यावी.

कापूसकोंड्या
कैची टाकू नका. तिसऱ्या दिवशी शिंप्याकडे सापडते.

वणीची_मामी
आमच्या इथल्या शाळेत पेटी होती भिंतीवर, लाल क्रॉसवाली. मी एकदा उघडून पाहिली तर आत उदबत्तीचा पुडा, खडू आणि एक रिकामी आयोडीनची बाटली. बाहेरून मात्र दर पंधरा ऑगस्टला पुसतात.

मेडिकलवाला
धुऱ्यावरचा भाऊ, माझं पांढरकवड्याकडे औषधीचं दुकान आहे म्हणून सांगतो. तयार डबे घेऊ नका, त्यात अर्ध्या वस्तू दाखवायला असतात, दहा बँडेड आणि दोन कापसाचे बोळे. सुटं घ्या. निर्जंतुक गॉज पॅड भरपूर, रोलर बँडेज चार इंची आणि सहा इंची, क्रेप बँडेज दोन-तीन, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन मलम, हातमोजे किमान वीस जोड, पॅरासिटामॉल ५०० च्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, डिजिटल थर्मामीटर, साबणाची वडी. हो, साबण. जखम धुवायला साबण आणि वाहतं पाणी याच्यापुढे काही नाही. लोक स्पिरिट मागतात, उघड्या जखमेवर स्पिरिट ओतलं की माणूस नाचतो आणि आतलं मांस आणखी पोळतं.

अँटिबायोटिकच्या गोळ्या पेटीत नको. डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं नको. ब्रुफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन ही डेंगूच्या दिवसात तापाला म्हणून वाटू नका, रक्तस्राव वाढतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ना ती छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी, "प्रत्येक घरात ठेवा" म्हणून, ती ज्याला डॉक्टरनी लिहून दिली त्याच्यासाठीच. आधीच बीपी पडलेल्या माणसाला दिली तर आणखी पडेल.

बंडीवाला
स्पिरिट ठेवलं तर बाटली पोळ्याच्या करीपर्यंत टिकन का हा पण प्रश्न हाये 😄

पुण्यातला_वऱ्हाडी
मी ऑनलाइन एक किट पाहिलंय, शंभराच्या वर आयटम, बॅग मस्त आहे, वॉटरप्रूफ. त्यात टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, तो पण आहे. साप चावल्यावर क्रेप बँडेज पूर्ण पायाला घट्ट गुंडाळायचं असा ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ पण आहे, लिंक टाकू का? आणि सरळ अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषधच आणून ठेवा ना गावात, किती रुपयाला येतं?

सिस्टर_घाटंजी
लिंक नको दादा. मी ग्रामीण रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते गुंडाळायचं तंत्र त्यांच्याकडच्या सापांसाठी आहे, तिथले बहुतेक विषारी साप मज्जासंस्थेवर परिणाम करणारे. आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस म्हणजे आपली परड, आणि फुरसं. परडीचं आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, परडीचं तर चावलेल्या जागचं मांसही सडवतं. तिथं घट्ट आवळून ठेवलं तर विष एकाच जागी कोंडतं आणि पाय जायची वेळ येते. आपल्या सरकारी मार्गदर्शनात आवळणं बसत नाही. दोरी नाही, रुमाल नाही, ब्लेडने कापणं नाही, तोंडाने ओढणं नाही, बर्फ नाही. पायाला दोन बाजूंनी लाकडी फळ्या लावून सैल बांधायचं, मोडलेल्या हाडाला बांधतो तसं, म्हणजे तो भाग हलणार नाही. जोडवी, पैंजण, अंगठ्या, पायातला काळा दोरा लगेच काढायचा, सूज आली की मग कटरशिवाय निघत नाही. माणसाला चालवायचं नाही. किती वाजता चावला ते लिहायचं. आणि गाडी.

अँटिव्हेनम गावात ठेवायचा विचार सोडा. पैशाचा प्रश्नच नाही, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, दिल्यावर काही लोकांना जोरदार रिअ‍ॅक्शन येते, अंगावर गांधी, दम लागणे, बीपी खाली. त्यावेळी हाताशी अ‍ॅड्रेनालिन, सलाईन, ऑक्सिजन आणि डॉक्टर लागतो. शिवाय सुरुवातीलाच दहा व्हायल म्हणजे छोट्या बाटल्या लागतात. तुम्ही दोन आणून ठेवल्या तर त्या देता देता गाडीची वेळ जाईल. निघायच्या आधी फोन करून विचारा, अँटिव्हेनम आहे का, डॉक्टर आहेत का. नसेल तर सरळ पुढच्या दवाखान्याचा रस्ता धरा.

टुर्निकेही नको. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून हाताने जोर देऊन दाबून धरायचं, सारखं उचलून पाहायचं नाही. भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं. थ्रेशरमध्ये हात गेला, रक्त दाबूनही थांबत नाही, तेव्हाची गोष्ट वेगळी, पण तो पट्टा शिकलेल्या माणसाच्या हातात पाहिजे.

जागल्या
सिस्टर एकदम बरोबर. यात एक जोडा, मण्यार चावली तर कळतच नाही लोकाले. आमच्या बाजूच्या वावरातला सालदार रात्री वावर राखाले जागलीले गेलता, माळ्यावर झोपाचं सोडून खाली ताडपत्रीवर झोपला कारण माळ्यावर मच्छर. पहाटे उठला तं पोट दुखते म्हणे. घरच्यांनी सोडा पाजला, ओवा दिला. सूज नाही, रक्त नाही, दाताचे निशाण पण दिसेना. उजाडल्यावर त्याच्या पापण्या पडू लागल्या, बोलणं जड, दारू प्यालेल्यासारखं. तेव्हा एका म्हाताऱ्यानं ओळखलं. दवाखान्यात मशीनवर ठेवलं चार दिवस, वाचला. तर पेटीत काय टाकाचं ते टाका, पण जागलीवाल्याच्या हातात मच्छरदाणी द्या, गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसालेच चावते.

झाडीपट्टी
आमच्या गडचिरोलीकडे तेंदूच्या टायमाले भर मे मध्ये माणसं जंगलात, तिथं पेटी कुठून आणता. तेंदूचा पुडा बांधाची दोरी अन दुपट्टा हेच बँडेज. पण मांत्रिकाले एकदम शिव्या देऊन जमत नाही बरं का, लोकं पहिले त्याच्याकडेच नेते.

कापूसकोंड्या
म्हणजे पेटीत लिंबू-मिरची पण टाका म्हणा 🙏

झाडीपट्टी
तसं नाही ना बाप्पा. मी काय म्हणतो, त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याले सांगा की तू तुझा मंत्र गाडीत बसून म्हण. आमच्या एका गावात असंच ठरलं. पुजारी सोबत जीपमध्ये बसते, दवाखान्यापर्यंत मंत्र, पुढचं डॉक्टर. त्याचा मान राहते अन वेळ पण जात नाही. धामण-दिवड चावलेले तं तसेही बरे होते, त्याचं क्रेडिट त्याले भेटत राह्यलं तरी आपलं काय जाते.

गुरुजी_तेल्हारा
ही मला आवडली आयडिया, आमच्याकडे सुचवतो. मंत्राला वाहनभत्ता.

पऱ्हाटी_क्विंटल_पाच
साप ठीक आहे हो, पण यवतमाळ जिल्ह्यातला धागा आहे आणि फवारणीचं कोणी लिहिलं नाही? २०१७ विसरले का सगळे. त्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर फवारताना विषबाधा होऊन गेले, शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, औषध वरून अंगावर येत होतं, त्यात दोन-तीन औषधांचं कॉकटेल आणि बॅटरीचे जोरदार पंप. आजही आमच्या इकडे नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. पहिले पेटीत नोझल साफ करायचा बारीक ब्रश आणि वॉशर टाका.

सिस्टर_घाटंजी
मी तिथंच येत होते. फवारणीवाला चक्कर येते म्हणाला, घाम सुटला, तोंडाला लाळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाचे स्नायू फडफडतात, मळमळ, छातीत घरघर, हे सगळं किंवा यातलं थोडं दिसलं की वावरातून बाजूला, वारा जिकडून येतो तिकडे. सगळे कपडे काढा, अगदी चड्डी-बनियनसकट, लाजू नका, कापड औषध पीत राहतं आणि ते कातडीतून आत जातं. साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ, केस आणि नखं पण. धुणाऱ्याने हातमोजे घालायचे नाहीतर तोही आडवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, तूप-दूध काही नाही. शुद्ध कमी असेल तर कुशीवर झोपवा.

आणि औषधाचा डबा दवाखान्यात घेऊन या. डबाच. "ते हिरवं झाकणवालं" असं सांगून आम्हाला काही समजत नाही. लेबलवर घटक असतो आणि उतारा काय ते पण लिहिलेलं असतं. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहून ठेवा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सरबत नाही. ज्यावर अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन चालतं ते दवाखान्यातच चालतं, तासनतास नाडी, बाहुल्या, छाती पाहत डोस वाढवावा लागतो, म्हणून तेही पेटीत नको. काही तणनाशकांना तर उताराच नाही, पॅराक्वॅटसारखी.

दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, चोवीस तास, १८०० ११६ ११७. पेटीच्या झाकणावर लिहा. तालुक्याचा डॉक्टरही तिथं फोन करून विचारू शकतो.

पुण्यातला_वऱ्हाडी
बरं झालं लिंक टाकली नाही. मग टुर्निके, आइस पॅक, अँटिव्हेनम, अँटिबायोटिक सगळं नाही, तर पेटीत उरतं काय? 😅

मेडिकलवाला
उरतं ते रोज लागतं भाऊ. विळा लागणे, खिळा जाणे, कुटार मशीनमध्ये बोट, चुलीवर भाजणे, कुत्रा, मोटारसायकलची घसरण. नव्वद टक्के हेच.

बोट तुटलं तर तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये, तो पिशवीत घट्ट बंद, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला तर शिवायच्या लायक राहत नाही. तिथं मात्र किराणावाल्याचा फ्रिज कामी येतो.

भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद-तेल नाही. पाण्यानंतर स्वच्छ ओलं कापड सैल झाकायचं, फोड फोडायचे नाही.

वणीची_मामी
हळद नाही म्हणता? आमच्या सासूबाईंनी अख्खं खटलं हळदीवर सांभाळलं हो. बारीक काप्याला हळद लावलीच पाहिजे, कोणी काही म्हणो.

सिस्टर_घाटंजी
मामी, भाजी चिरताना कापलं तर लावा, मी कोण अडवणार. पण कुत्रा चावलेल्या जखमेत हळद-चुना-मिरची भरून लोक यायचे, मग ती आधी सगळी काढायची म्हणजे पेशंट वरून आम्हालाच शिव्या. कुत्रा, माकड, कोल्हा, मांजर, काहीही असो, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. मग इंजेक्शन, पहिलं त्याच दिवशी. दंडातलं असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालेलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं सीरम लागतं, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसलं तर विचारून मोठ्या दवाखान्यात जा. "कुत्रा पाळीव आहे" म्हणून थांबू नका.

गुरुजी_तेल्हारा
वीज पडण्याबद्दल पण लिहितो कारण दरवर्षी आपल्या विदर्भात वावरात माणसं जातात. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो असं लोक समजतात आणि दूर उभे राहतात. त्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटीमीटर आत गेली पाहिजे. विजा चमकताना झाड नसेल तिथं थांबायचं हे सगळ्यांना माहीत, तरी लोक चिंचेखालीच जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, आजूबाजूला वीज पडण्याची सूचना देतं.

विहिरीत उतरून बेशुद्ध पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. गॅस असतो खाली. वरूनच दोर, आणि अग्निशमनला फोन.

आणखी एक. अपघातातल्या माणसाला नेलं तर पोलीस मागे लागतात ही भीती काढा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही.

बंडीवाला
गुरुजी दामिनी अ‍ॅप ठीक हाये, आमच्या वावरात नेटवर्क फक्त बाभळीवर चढल्यावर येते. म्हणजे वीज येऊन राह्यली का हे पाहाले झाडावर चढाचं 🤣

गुरुजी_तेल्हारा
😂 निरुत्तर.

वणीची_मामी
उन्हाळ्याचं राहिलं. खिशात कांदा ठेवा.

सिस्टर_घाटंजी
कांदा ठेवा, भाकरीसोबत खा. पण माणूस असंबद्ध बोलतोय, अंग तापलेल्या तव्यासारखं, तर तो ऊन लागलेला आहे, त्याला पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही, तो ताप वेगळा. सावलीत, कपडे सैल, ओली चादर आणि पंखा किंवा सुपाने वारा, काखेत आणि जांघेत गार ओली फडकी. शुद्धीत असेल तरच ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापाने, मोठ्या पाकिटाला एक लिटर, अर्ध्या ग्लासात पूर्ण पाकीट नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातली खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नाही.

धुऱ्यावरचा
लय भारी मंडळी, मी सगळं वहीत लिहून घेऊन राहिलो. पण माह्या मेन प्रश्नाले कोणी हातच लावला नाही. ठेवाची कुठं? ग्रामपंचायत दुपारी बंद. आशाताईकडे द्यावी म्हणून ठराव करून राहिले.

आशाची_मुलगी
आशाताईंवर टाकू नका प्लीज. माझी आई आशा आहे. सर्वे, लसीकरण, बाळंतपणाला रात्री सोबत जाणे, मानधन कधी वेळेवर कधी नाही, आणि आता गावाचा गॉज पण तिनेच मोजायचा? तिच्याजवळ आधीच तिची औषधपेटी आहे. तिला शिकवायला बोलवा, राखणदार करू नका.

जागल्या
पटलं. आमच्याकडे किराणा दुकानात ठेवली, कारण ते पहाटे पाचले उघडते अन मालक मागंच राहते. कुलूप नाही. कुलूप लावलं की चावीवाला लग्नाले गेलेला असते. आम्ही कडीले प्लास्टिकचा केबल टाय लावतो, ओढला की तुटते. टाय तुटला दिसला म्हणजे कोणी उघडली, मंग काय गेलं ते पाहून भराचं. आतल्या झाकणाले यादी चिकटवली हाये. नेणाऱ्यानं बाजूच्या वहीत लिहाचं, नाही लिहिलं तरी कोणी भांडत नाही, कारण जखमी माणूस घेऊन वही शोधत बसाव असं कोणाले सांगता.

मेडिकलवाला
टीनाच्या छपराखाली नको मात्र. आपल्याकडे बाहेर सत्तेचाळीस तर टीनाखाली विचारू नका. औषधी तीसच्या खाली राहिली पाहिजे, चिकटपट्टीचा गोंद तर पहिल्याच मे मध्ये वितळतो. मातीच्या किंवा जाड भिंतीची आतली खोली, जमिनीपासून वर, उंदरापासून लांब. मोटारसायकलच्या डिक्कीत गोळ्या ठेवू नका.

वर्षातून दोनदा उघडा. एक मृगाच्या आधी, पेरणी-साप-वीज-फवारणी सगळं त्यानंतरच. दुसरी होळीला, उन्हाळ्याआधी. जुनं जे असेल ते पुढे, नवीन मागे. एक्सपायरी सहा महिन्यांवर आली की आमच्यासारख्याकडे आणा, बदलून देणारे दुकानदार असतात, ओळखीचा गाठा.

पऱ्हाटी_क्विंटल_पाच
पंप, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्याचा शर्ट याची दुसरी पेटी करा राव. साडेचार हजारात बँडेज आणून दोन हजार वाचले तर गमबूट आणि टॉर्च घ्या. साप पायालाच चावतो जास्त, आणि अंधारातच.

धुऱ्यावरचा
ठरलं मंग. मेडिकलवाल्याची यादी, आशाताईले एक दिवस शिकवाले बोलवू, जागल्याभौचा केबल टाय. दोन फळ्या सुताराकडून रंधून, वर जुनं धोतर गुंडाळून. पेटी आमच्या किराणावाल्याच्या आतल्या खोलीत, तो हो म्हणला, फक्त म्हणे उधारीची वही अन पेटीची वही वेगळी ठेवा. गावात चार गाड्या हाये, चारही ड्रायव्हरचे नंबर अन १०८ झाकणावर. आता एक विचारतो, नाल्याले पूर असला तं १०८ कुठं बोलवाची?

सिस्टर_घाटंजी
नाल्याच्या पलीकडे बोलवा आणि फोन करतानाच सांगा की पलीकडच्या बाजूला थांबा. गावाचं नाव सांगून भागत नाही, एकाच नावाची दोन-तीन गावं असतात आणि कॉल सेंटर पुण्यात आहे. जवळचं मोठं गाव, तालुका, पुलाजवळचं मंदिर किंवा जिनिंग असं काहीतरी आधीच लिहून झाकणावर चिकटवा, घाबरलेल्या माणसाने ते नुसतं वाचून दाखवायचं. पूर ओसरेपर्यंत दोन तास लागणार असतील तर वरच्या अंगाने पूल आहे का, किती लांब, ते पण आत्ताच पाहून ठेवा.

धुऱ्यावरचा
हाये, एक पूल हाये वरून, बारा किलोमीटरचा फेर पडते. उद्या गाडी घेऊन पाहून येतो रस्ता चालू हाये का.

जागल्या
नंबर ऑइल पेंटनं लिहा. आम्ही मार्करनं लिहिले होते, एका पावसाळ्यात गेले.